कानात राहून गेलेले औषध

आपल्या भाषेने कानाला फारसे भरवशाचे मानलेले नाही. कान हलका असतो, तो कोणीही येऊन भरतो, कोणी फुंकतो, आणि वडीलधाऱ्यांचा उपदेश तर या कानाने आत शिरून त्या कानाने बाहेर पडतो. माझ्या वर्गातल्या शेवटच्या दोन बाकांना उद्देशून हे वाक्य मी गेली वीस वर्षे वापरीत आलो आहे. आपण गोष्टी मनात ठेवतो, पोटात ठेवतो, डोळ्यांत साठवतो; साठवणीचे काम कानाकडे सहसा देत नाही.

एरवी या सदरात मी दर आठवड्याला एखाद्या शब्दाची नाही तर म्हणीची विचारपूस करतो. दिवाळी अंकात संपादक जरा ऐसपैस जागा देतात, म्हणून या खेपेला ही म्हणच तपासून पाहावी असे ठरवले. कारण कानाच्या अगदी आतल्या खोलीत एक वस्तू अशी शिरते की ती त्या कानाने तर नाहीच, पण या कानानेही लवकर बाहेर पडत नाही. ती वस्तू म्हणजे औषध. आणि तेही ऐऱ्यागैऱ्या जातीचे नव्हे, लाखो क्षयरोग्यांना ज्याने मरणाच्या दारातून परत आणले त्या जातीचे.

आपण ज्याला कान म्हणतो, म्हणजे जो सोनार टोचतो आणि मास्तर पिळतात, तो नुसता दिंडीदरवाजा. त्याच्या आत एक बोळ, बोळाच्या टोकाला पडदा, पडद्यामागे तीन चिमुकली हाडे, आणि त्यांच्याही पलीकडे, कवटीच्या अतिशय टणक हाडात, एक लेणे कोरलेले आहे. त्याच्या एका बाजूला अडीच वेढ्यांचा शंख आहे. त्याने आपण ऐकतो. दुसऱ्या बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि दोन छोट्या पिशव्या आहेत. त्यांनी आपण तोल सांभाळतो. शाळेत पाच ज्ञानेंद्रिये शिकवताना कानाच्या नावावर एकच काम लिहिलेले असते. हे दुसरे काम तो इतक्या मुकाट्याने करतो की ते बंद पडेपर्यंत कोणाला त्याचा पत्ताही नसतो.

या लेण्यात सर्वत्र पाणी भरलेले आहे, आणि तेही दोन प्रकारचे. बाहेरच्या पोकळीतले पाणी मिठाच्या पाण्याच्या जातीचे, सोडियम अधिक असलेले. त्याच्या आत पातळ पापुद्र्याची एक नळी आहे आणि तिच्यातले पाणी पोटॅशियमने भरलेले आहे. दोहोंत विजेच्या दाबाचाही फरक आहे, सुमारे ८० मिलिव्होल्टचा. सगळे पाणी एकत्र केले तरी मोजके थेंबच भरतील. त्या पाण्यात, माथ्यावर बारीक केसांचा झुबका असलेल्या पेशी उभ्या असतात. त्यांना आपण केसपेशी म्हणू. आवाजाने किंवा डोके हलल्याने पाणी हलते, पाण्याने केस कलतात, आणि केस कलले की मेंदूला वर्दी जाते. शंखात अशा केसपेशी एका कानाला सुमारे १५ हजार. डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी कोटींनी मोजाव्या लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे कानाचा संसार किती काटकसरीचा आहे ते कळेल. आणि ही शिल्लक जन्मापूर्वीच ठरून गेलेली असते. पुढे आयुष्यात तीत एकीचीही भर पडत नाही.

आता औषधाकडे वळू. ऑक्टोबर १९४३ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात, अल्बर्ट शात्झ नावाच्या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला मातीतल्या एका सूक्ष्म जंतूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. त्या जंतूचा एक वाण खत घातलेल्या शेतातला होता आणि दुसरा चक्क एका कोंबडीच्या घशातला. शात्झचे गुरू सेल्मन वाक्समन यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शिष्याला मिळाले नाही. शोधातला आपला वाटा त्याने त्यापूर्वीच कोर्टात जाऊन कबूल करवून घेतला होता. त्या गुरुशिष्यांच्या भांडणावर एक निराळा लेख होईल. सांगायचा मुद्दा असा की पेनिसिलिनला दाद न देणारा क्षयाचा जंतू या औषधापुढे नमला. क्षयाचा मेंदूज्वर झालेले मूल तोवर हाती लागतच नसे. ते आता वाचू लागले.

परंतु अगदी पहिल्या रोग्यांपासूनच डॉक्टरांच्या एक गोष्ट ध्यानात आली. १९४५ च्या सुमारास अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये, आणि पुढे १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या प्रसिद्ध चाचणीतही, असे दिसले की छाती सुधारते आहे, ताप उतरतो आहे, वजन वाढते आहे, पण रोगी उठून चालू लागला की भेलकांडतो. इंग्लंडच्या चाचणीत औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी निम्म्याहून अधिकांना भोवळीचा त्रास झाला, आणि तो बहुधा चौथ्या-पाचव्या आठवड्यात सुरू झाला. पहिल्या दिवशी नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

या दुखण्याचे सर्वांत चांगले वर्णन एका डॉक्टरनेच लिहून ठेवले आहे, कारण तो स्वतःच रोगी झाला होता. गुडघ्याच्या क्षयासाठी त्याला अडीच महिने स्ट्रेप्टोमायसिन दिले गेले. १९५२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्याने नुसत्या ‘जे. सी.’ या आद्याक्षरांनी आपली हकीकत प्रसिद्ध केली. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला वाचता येईना. का, तर नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर डोके किंचित हलते, आणि तेवढ्याशा हलण्यानेही पुस्तकातली अक्षरे उड्या मारू लागत. शेवटी त्याने पलंगाच्या डोक्याकडच्या लोखंडी गजांमध्ये आपले डोके घट्ट रोवले, तेव्हा कुठे ओळी स्थिर झाल्या. पुढे हिंडू-फिरू लागल्यावरही रस्त्यावरची पाटी वाचायची किंवा समोरच्याचा चेहरा ओळखायचा तर त्याला थांबावे लागे.

नाडीच्या ठोक्याने अक्षरे हलतात ही गोष्ट खोटी वाटत असेल तर वाचकांनी हाच अंक हातात धरून एक प्रयोग करावा. डोके स्थिर ठेवून अंक डावी-उजवीकडे भरभर हलवा. अक्षरे वाचता येणार नाहीत. आता अंक स्थिर ठेवा आणि तितक्याच वेगाने ‘नाही, नाही’ म्हटल्यासारखे डोके हलवा. अक्षरे चक्क वाचता येतात! डोके उजवीकडे वळते त्याच क्षणी आतल्या नळ्यांतले पाणी मेंदूला कळवते आणि मेंदू बुबुळांना तितकेच डावीकडे फिरवतो. हा हिशेब आपल्या नकळत जन्मभर चाललेला असतो. त्या नळ्यांमधल्या केसपेशी मेल्या की हिशेब थांबतो. मग आपण एक पाऊल टाकले की सगळा रस्ता एक उडी मारतो.

माझ्या एका मावशीचा रस्ता तीस वर्षे अशा उड्या मारतो आहे. १९९४ साली तिला क्षय झाला तेव्हा ती चाळिशीच्या आत होती. औषधे झाली, आणि त्यांबरोबर रोज एक अशी साठ इंजेक्शने झाली. देणाऱ्या डॉक्टरांनी तिचा जीव वाचवला यात शंका नाही. इंजेक्शनांमुळे कानाला काही होऊ शकते, हे मात्र तिला कोणी सांगितले नाही, आणि कान एकदाही तपासला नाही. मावशी बरी झाली, अंगावर मांस चढले, घरात पुन्हा पुरणपोळ्या होऊ लागल्या. आणि मग ती पडू लागली.

पहिल्यांदा पडली ती न्हाणीघरात. तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि एकदम भिंतीवर आदळली. दुसऱ्यांदा पडली ती वीज गेल्यावर, स्वयंपाकघरातून मेणबत्ती आणायला जाताना. उजेडात, सपाट फरशीवर ती ठीक चाले. अंधार झाला, वाट खडबडीत आली किंवा देवळाच्या पायऱ्या उतरायच्या म्हटले, की तिला कोणाचा तरी दंड हवा असे. सुट्टीत आम्ही तिच्याकडे राहायला जात असू तेव्हा संध्याकाळी तिचा हात धरून भाजी आणायला जाण्याचे काम माझ्याकडे असे. तिची बोटे माझ्या मनगटात किती जोराने रुतत ते आजही मला आठवते. घरातल्यांनी त्याला अशक्तपणा म्हटले. शतावरी झाली, डोक्याला ब्राह्मीचे तेल झाले, चष्मा तीनदा बदलून झाला.

पण तिला खरे दुःख झाले ते पडण्याचे नव्हे. रस्त्याने चालताना समोरून येणाऱ्याचा चेहरा तिला धड दिसत नसे. ओळखीच्या बायका समोरून हसत येत आणि ही सरळ पुढे निघून जाई. वाड्यात बोलवा झाली, ‘दुखण्यातून उठल्यापासून फार शिष्ट झाली आहे.’ हळदीकुंकवाची दोन-तीन घरे तुटली. जावेने तर दिराच्या मुंजीत चारचौघींत तिला टोमणा मारला, “वहिनींना आता आम्ही दिसत नाही!” त्यातला शब्दन् शब्द खरा होता, हे कोणाच्या गावी नव्हते. तिच्या स्वतःच्याही नव्हते.

२०१६ साली एका कानाच्या डॉक्टरांनी तिला मऊ गादीवर उभे करून डोळे मिटायला लावले, तिचे डोके हातात धरून हलकेच झटका देऊन बुबुळे न्याहाळली, आणि पहिला प्रश्न केला, “काकू, पूर्वी कधी क्षयाची इंजेक्शनं घेतली होती का?” मग त्यांनी कागदावर कानाचे चित्र काढून सगळे समजावून सांगितले. मावशी बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे मी शिष्ट नव्हते तर.”

नंतर तिने एक शंका विचारली, आणि ती मला फार मोलाची वाटली. “पण डॉक्टर, मी पडायला लागले तेव्हा इंजेक्शनं संपून महिना होऊन गेला होता. अंगात औषधच नव्हतं, मग ते बाधलं कसं?”

मी भाषेचा माणूस, रसायनशास्त्राशी माझा संबंध घासलेटाच्या वासापुरता. पण या शंकेचे उत्तर शोधण्यासाठी मी पुष्कळ वाचले आणि आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांचे पुष्कळ डोके खाल्ले. त्यातून कळले ते असे. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, कॅनामायसिन, अमिकासिन, निओमायसिन ही सगळी एका घराण्यातली औषधे; घराण्याचे नाव अमिनोग्लायकोसाइड. मूत्रपिंडे धडधाकट असतील तर ही औषधे रक्तात फार वेळ राहत नाहीत. दर दोन-तीन तासांनी त्यांचे प्रमाण निम्म्यावर येते आणि दिवसभरात बहुतेक सगळे लघवीवाटे निघून जाते. रक्त तपासणाऱ्याला दुसऱ्या दिवशी जवळजवळ काही सापडत नाही.

कानाच्या पाण्याचा न्याय निराळा आहे. तिथे औषध सावकाश शिरते आणि त्याहून सावकाश निघते. १९६० नंतरच्या दशकात संशोधकांनी गिनीपिगच्या कानातले पाणी बारीक काचनळीने ओढून मोजले, तेव्हा त्यांना वाटले की कान हे औषध रक्तापेक्षाही जास्त गोळा करतो. हीच समजूत पुढे बरीच वर्षे चालली. मग मोजण्याच्या रीती सुधारल्या आणि १९८० नंतर फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवले की गोष्ट तशी नाही. कानातल्या पाण्यात औषधाचे प्रमाण रक्ताहून चढत नाही. ते फक्त लवकर उतरत नाही. रक्तात जे दोन-तीन तासांत निम्मे होते, ते कानाच्या पाण्यात निम्मे व्हायला दहा-बारा तास लागतात. म्हणजे उद्याचे इंजेक्शन येते तेव्हा आजचे अजून पाय पसरून बसलेले असते. आणि पाण्यातूनही निघून गेल्यासारखे वाटले तरी ते कानाच्या पेशींत लपलेले सापडते, तेथून निम्मे व्हायला महिन्याहून अधिक काळ लागतो. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच प्रयोगांत, जेंटामायसिन बंद केल्यानंतर ११ महिन्यांनीही गिनीपिगच्या केसपेशींत ते आढळले. पाहुणा स्टेशनवर पोचला म्हणून आपण निश्चिंत व्हावे, आणि वर्षाने माळा झाडायला चढावे तर तो आपला तिथेच निजलेला!

तो केसपेशीत शिरतो कसा, हे तर मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत चटका लावणारे कलम वाटते. केसपेशीच्या केसांच्या टोकांशी अतिसूक्ष्म दारे असतात. आवाजाने केस कलले की ती उघडतात, त्यांतून पोटॅशियम आत येते, आणि त्यालाच आपण ऐकणे म्हणतो. हे औषध नेमके त्याच दारांतून आत जाते. पाण्याचा विजेचा दाब त्याला आत ढकलतो, कारण औषधाच्या अंगावर धन भार असतो आणि पेशीच्या पोटात ऋण. आत जाण्याला जी वीज साहाय्य करते तीच परत येण्याला आडवी येते. पूर्वीच्या वाड्यांत मांजरासाठी एकाच बाजूने उघडणारे फळकुट असे, तसला प्रकार. ऐकण्यासाठी ठेवलेले दारच ऐकणे घालवणाऱ्याला वाट देते.

आत गेलेले औषध तत्काळ मारत नाही. ते पेशीच्या कारभारात हळूहळू बिघाड करते. म्हणून कधी कोर्स चालू असताना, तर कधी तो संपल्यावर कित्येक आठवड्यांनी, लक्षणे दिसू लागतात. मावशीच्या शंकेचे उत्तर ते हे. आणि म्हणूनच एक कोर्स झाल्यावर थोड्याच महिन्यांत दुसरा द्यायची वेळ आली, तर कानाच्या दृष्टीने तो पहिला नसतो. आत मागली बाकी असते.

घराण्यातल्या प्रत्येकाची खोड वेगळी. स्ट्रेप्टोमायसिन आणि जेंटामायसिन मुख्यतः तोलावर जातात. कॅनामायसिन, अमिकासिन आणि निओमायसिन ऐकण्यावर. ऐकणे जाते तेही एका ठरावीक क्रमाने. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी आधी मरतात आणि त्या बारीक, उंच स्वर टिपणाऱ्या असतात. बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, खालच्या पट्टीत असतात. ते ऐकू येत राहतात. जातात ते स, श, फ यांसारखे फुसफुसणारे वर्ण. त्यामुळे असा माणूस बहिरा वाटतच नाही. त्याला बोललेले ऐकू येते, पण ‘साठ’ म्हटले की ‘आठ’ भासते. तो भाजीवाल्याशी भांडतो, लोक त्याला विसराळू म्हणतात, बायको म्हणते, ‘तुमचं लक्ष नसतं.’ मराठीच्या प्राध्यापकाला यात व्याकरणाचा एक अख्खा धडा दिसतो. पण तो असा शिकायची वेळ कोणावर येऊ नये. नेहमीच्या श्रवणतपासणीत बहुधा ८ हजार कंपनांपर्यंतचेच स्वर ऐकवतात. नुकसान त्याच्या वरच्या मजल्यावर सुरू होते, म्हणून त्याहून उंच स्वरांची तपासणी केली तर ते आधी कळते.

पक्ष्यांना मात्र निसर्गाने माणसापेक्षा उजवे माप दिले आहे. १९८७-८८ च्या सुमारास असे आढळले की कोंबडीच्या पिलाच्या मेलेल्या केसपेशींच्या जागी नव्या उगवतात. त्याच कोंबडीच्या, जिच्या घशातून हे औषध निघाले! पुढे बंगाली फिंच नावाच्या गाणाऱ्या पक्ष्यांवर प्रयोग झाले. अमिकासिन आणि मोठा आवाज यांनी त्यांचे ऐकणे घालवल्यावर त्यांचे गाणे बिघडले. नव्या पेशी उगवून ऐकू येऊ लागल्यावर ते बऱ्याच अंशी पूर्वीच्या वळणावर आले. माणसाच्या शंखात हे घडत नाही, आणि ते घडवून आणता येईल का यावर जगभर काम चालू आहे.

इथवर वाचून कोणी घरातल्या औषधांचा डबा उकिरड्यावर नेऊ नये. तापासाठी, घशासाठी आपण ज्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतो त्या बहुतेक या घराण्यातल्या नाहीत. आणि जिथे रक्तात जंतू पसरले आहेत, नऊ महिन्यांआधी जन्मलेले मूल काचेच्या पेटीत तडफडते आहे, तिथे जेंटामायसिन किंवा अमिकासिन हेच जीव वाचवणारे असते. आपल्या मनाने इंजेक्शन बंद करणे हा शहाणपणा नव्हे. पण डॉक्टरांना विचारणे हा उद्धटपणाही नव्हे. कोर्स लांबणार असेल तर कान आधी तपासून ठेवावा का, मूत्रपिंडांची तपासणी झाली आहे का, फ्युरोसेमाइडसारखे लघवीचे औषध बरोबर चालू आहे त्याने धोका वाढतो का, आणि घरी गेल्यावर किती दिवसांनी कान पुन्हा दाखवायचा. यातला शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण घरी जायच्या दिवशी सगळ्यांचे लक्ष बिलाकडे असते.

कानात घालायच्या थेंबांचीही गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांतल्या कित्येकांत निओमायसिन किंवा जेंटामायसिन असते. कानाचा पडदा शाबूत असेल तर ते दारातच राहते. पडद्याला भोक असेल तर ते आतल्या लेण्यापर्यंत झिरपू शकते. आमच्या चाळीत ही थेंबांची बाटली विरजणासारखी शेजारणीकडून शेजारणीकडे जाते. पडदा पाहिल्यावाचून ती कोणाच्या कानात जाऊ नये. आणि दिवाळीचेच दिवस आहेत म्हणून आणखी एक. हे औषध कानात असताना मोठा आवाज कानावर आदळला तर दोघे मिळून एकेकट्यापेक्षा जास्त नासधूस करतात, असे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. नुकतेच इस्पितळातून आलेले माणूस किंवा तान्हे मूल घरात असेल, तर खिडकीखाली लक्ष्मी बॉम्ब लावणाऱ्या पोरांना चार घरे पलीकडे पिटाळावे. ती ऐकणार नाहीत, हे मला ठाऊक आहे.

कॅनामायसिनने आपल्याकडे किती तरुणांचे कान घेतले, याची हकीकत मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांनी जाहीरपणे सांगितली आहे. क्षय उलटल्यावर घेतलेल्या इंजेक्शनांनी २०१३ साली त्यांचे ऐकणे गेले. त्या पुढे पत्रकार झाल्या, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या, अशाच रीतीने ऐकणे गमावलेल्या फुमेझा टिसिले यांच्यासह त्यांनी बेडाक्विलिन या गोळीच्या पेटंटची मुदत वाढवण्याला हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा तो अर्ज फेटाळला. त्याआधी, २०१८ साली, जागतिक आरोग्य संघटनेने औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या उपचारातून कॅनामायसिन काढून टाकण्याचे आणि गोळ्यांवर भर देण्याचे सुचवले होते.

राहिली एक गोष्ट, ती आईकडून येणाऱ्या वारशाची. काही माणसांचा कान या औषधाच्या एखाददुसऱ्या मात्रेनेही जातो. याचे एक कारण १९९३ साली सापडले. आपल्या प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या शक्ती पुरवणाऱ्या भट्ट्या असतात, आणि त्यांची सूत्रे फक्त आईकडून येतात. त्या सूत्रांत १५५५ व्या जागी एकच अक्षर बदललेले असते, ‘ए’ च्या जागी ‘जी’. छापखान्यात ज्याला आपण मुद्राराक्षसाचा प्रताप म्हणतो, तसलेच. या एका अक्षराने माणसाच्या पेशीतले यंत्र जंतूच्या यंत्रासारखे दिसू लागते आणि जंतूवर सोडलेले औषध घरच्यावरच धावून जाते. युरोपात सुमारे ५०० माणसांमागे एकाच्या अंगी हे अक्षर आहे. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी बाळाच्या गालाच्या आतून कापूस फिरवून २६ मिनिटांत हे अक्षर ओळखणारी तपासणी बसवली आणि २०२२ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजारी बाळाला तासाभरात औषध द्यावे लागते, त्याच्या आत उत्तर यावे म्हणून ही घाई. अक्षर सापडले तर दुसरे औषध देता येते.

आपल्याकडे तपासणीपूर्वीची तपासणी म्हणजे एक साधा प्रश्न आहे: आईच्या माहेरच्या नात्यात इंजेक्शनांनंतर कोणाला ऐकू येईनासे झाले होते का? मावशीची केस पाहणाऱ्या डॉक्टरांनीही तो सहज विचारला होता, जरी तिचे ऐकणे शाबूत होते. प्रश्न साधा, पण आपल्या घरांत त्याचे उत्तर मिळणे कठीण. क्षय झाला होता हे लग्ने अडतील म्हणून लपवायचे, बहिरेपण मुलीचे असेल तर त्याहून लपवायचे. मी आईला विचारले तेव्हा ती चटकन म्हणाली, “आपल्याकडे नाही बाई कोणी तसं.” दुसऱ्या दिवशी दुपारी गहू निवडता निवडता तिला तिची एक मावसबहीण आठवली. लहानपणी तापात पडली होती, कसली तरी इंजेक्शने झाली, आणि त्यानंतर तिला कधी नीट ऐकू आले नाही. सगळे तिला वेंधळी म्हणत. ती आता हयात नाही. इंजेक्शने कोणती होती ते सांगणारेही कोणी उरलेले नाही. तिच्या दोन मुली नागपूरला असतात, आणि थोरलीची सून येत्या पौषात बाळंत व्हायची आहे. हा वारसा पुढे मुलींकडूनच जातो, मुलांकडून नव्हे, म्हणून त्या बाळापुरती काळजी नाही. पण धाकटीला मुलगी आहे. तिला मी सगळे कळवले आहे, आणि हा लेखही पाठवणार आहे.